कापेल तो शेवटी उचलेल

कुंडी फुटली गुरुवारी, पण माईंनी शनिवारपर्यंत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आधी त्यांनी ती सुतळीने आवळली. सुतळी पुरेना, तेव्हा जुन्या चादरीची पट्टी फाडून वरून बांधली आणि पट्टीवर खाकी चिकटपट्टी लावली. ऑर्किडच्या मुळांना यातलं काहीच मान्य नव्हतं. शुक्रवारी दुपारी माई जरा आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात मागच्या बाल्कनीतून 'टक्' असा आवाज आला आणि केसाएवढी भेग बोटभर रुंद झाली.

शनिवारी धाकटा नळाचा वायसर बदलायला आला. तो शहर बसचा ड्रायव्हर. फुटलेलं, ठोकलेलं, बांधून वेळ मारून नेलेलं काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"माई, हिला कुणी ठोकलं?"

"कुणी नाही. थंडी लागू नये म्हणून बांधलंय."

"कुंडीला?" असं म्हणून तो तीनदा शिंकला आणि त्याने खिशातून फोन काढला. तासाभरात थोरल्याला कळलं, मधलीला कळलं, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून झाड बाहेर काढायचं, हे माईंना न विचारताच ठरून गेलं.

माई धास्तावल्या, पण त्या काही कुंडीसाठी नव्हे. एकोणीस वर्षं ते झाड त्या कुंडीत पसरत होतं. मधोमध नुसते म्हातारे, टकले कंद उरले होते आणि नवी वाढ काठावरून बाहेर लोंबत होती. असं झाड वेगळं केलं नाही तर आतून कुजतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कोवळी मुळं आत्ताच फुटू लागली होती, म्हणजे वेळही हीच. आठ दिवस थांबलं तर ती मोडणार. तेव्हा झाड काढलं की त्याचे भाग होणार, भाग झाले की ते कुणाचे हा प्रश्न निघणार, आणि तो निघाला की उघडकीला येणार की हे झाड, अख्खंच्या अख्खं, माईंनी तिन्ही मुलांना कबूल करून ठेवलेलं आहे.

थोरल्याला कबूल केलं ते त्याच्या सिगरेटी सुटाव्यात म्हणून. मधलीला, ती दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती तेव्हा. धाकट्याला, लग्नानंतर त्याचं येणं महिन्यावर गेलं तेव्हा. प्रत्येकाला एकट्याला गाठून, झाडापाशी नेऊन, आवाज खाली आणून म्हणायचं, "माझ्यामागे हे तुझं. बाकीच्यांपाशी बोलू नकोस." थोरल्याने सिगरेट सोडली. मधलीने चार गल्ल्या पलीकडे दवाखाना थाटला. धाकटा दर रविवारी येऊ लागला, आणि तो येतो म्हणून उरलेले दोघेही येऊ लागले. गेली बारा वर्षं तिघं रविवारी सकाळी येत, आणि चहाच्या आधी बाल्कनीत जाऊन झाडापुढे उभं राहून "वा!" म्हणत. माईंच्या मते ही आपापल्या इस्टेटीची पाहणी होती. तिघांनी गुपित इतकी वर्षं कसं पाळलं, याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. या घरात कुणाचं गुपित तीन दिवसांच्या वर टिकल्याचं ऐकिवात नव्हतं.

आणि भीती होती ती पकडलं जाण्याची नव्हतीच. लबाडी उघडी पडली तर पडली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्याला कोण कोपऱ्यात उभं करणार आहे? भीती ही होती की ज्याचा तुकडा त्याच्या घरी गेला, की रविवारी इथे येण्याचं कारणच संपणार. शेंगा सोलता सोलता माईंनी तो रविवार डोळ्यांपुढे आणून पाहिला. चहाचा एकच कप, आणि पेपर घडी न मोडता तसाच. त्यांना समोरच्या शेंगा दिसेनाशा झाल्या.

यावर तोडगा एकच होता, तो म्हणजे भांडण. या कुटुंबात भांडण झालं की वाटणी रखडते, हा वर्षानुवर्षांचा अनुभव. आरशाचं मोठं कपाट सहा वर्षं जिन्याखाली उभं होतं, ते कुणाचं यावर एकमत झालं नाही म्हणूनच. कुंड्याही तशाच, निकाल लागेपर्यंत, माईंच्या बाल्कनीत राहिल्या असत्या. आणि निकाल लागू न देण्याचं काम माई चोख करणार होत्या.

रविवारी नवाच्या ठोक्याला थोरला हजर झाला. तो जमिनींची मोजणी करणारा, त्यामुळे टेप, खडू आणि चौकटीच्या कागदावर काढलेला झाडाचा नकाशा घेऊनच आला. मधली दातांची डॉक्टर. तिने दवाखान्यातली हत्यारं उकळून, कापडात गुंडाळून आणली होती. धाकटा रिकाम्या हाताने आणि रिकाम्या पोटी आला. माईंनी बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली होती, सालीचे तुकडे रात्रभर भिजत ठेवले होते, कोळशाचे खडे धुऊन काढले होते आणि झाड कुंडीसकट बादलीत बसवलं होतं, म्हणजे मुळं नरम पडतील.

"आधी मोजून घेऊ," थोरला टेप ओढत म्हणाला. "मग कुणाची तक्रार नको."

"मोजतोस काय, प्लॉट आहे का तो?" मधली म्हणाली. "कंद मोजायचे असतात."

तेवढ्यात बेल वाजली. दारात माईंच्या नणंदबाई उभ्या होत्या, मुलांची आत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि काखेत एक कोरी, धुतलेली मातीची कुंडी. माईंना आधी भास वाटला. वन्सं वर्षातून एकदा यायच्या, तेही कुणीतरी आजारी असलं तर, आणि आल्या की बाल्कनीकडे पाठ करून बसायच्या.

"वाटणी आहे म्हणे," आत्या म्हणाल्या. "माझा भाग न्यायला आले. कुंडी माझी मी आणलीय. कुणाचे उपकार नकोत."

माईंनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने छताकडे पाहिलं. "मी सहज बोललो तिला फोनवर," तो म्हणाला. "ती विचारत होती, नवीन काय."

"वन्सं, बसा तरी आधी."

"बसते. पण एक सांगून बसते. हे झाड माझ्या आईचं. तिने ते मला कबूल केलं होतं."

"मलाही केलं होतं."

"मला आधी."

"मला शेवटी."

"शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, वहिनी."

हे संभाषण गेली चाळीस वर्षं याच शब्दांत चालत आलं होतं आणि दोघींनाही ते तोंडपाठ होतं. एकच झाड लेकीलाही कबूल करायचं आणि सुनेलाही, हा पराक्रम माईंच्या सासूबाईंचा. माईंनी झाड घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर ही विद्याही घेतली, एवढंच. चाळीस वर्षं मात्र आत्यांनी या घरात पोटभर जेवणं टाळलं होतं.

"आणि वर सगळं थोरल्याला देणार म्हणे," आत्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "तुम्हीच बोलला होतात माझ्यापाशी, याच्या लग्नात."

थोरल्याच्या हातातला टेप सर्रकन आत गेला. "हो म्हणजे... माई म्हणाली होती तसं. कधीतरी."

"दादाला?" मधलीने मास्क खाली ओढला. "अगं आत्या, मला म्हणाली होती ती!"

"मलापण," धाकटा म्हणाला आणि शिंकला.

माईंनी सुरी उचलली आणि धार बघू लागल्या. आता पेटणार, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि पेटलं की पेटू दे. पण कुणी काही पेटवलं नाही. तिघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग म्हणावा असं काही माईंना सापडेना.

"मग हिलाच देऊन टाक, माई," थोरला मधलीकडे बोट करत अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तिचं घर जवळ आहे. झाडाला प्रवास नको."

"छे छे, दादा! तू थोरला. मान तुझा."

"अगं, पण धाकट्याला कधी काही मिळालंय का? नेहमी आपले जुने कपडे घातले त्याने."

"नाही नाही," धाकटा घाईने म्हणाला, "मला जुन्या कपड्यांचं काही वाईट वाटलेलं नाही."

माई कान टवकारून ऐकत होत्या. टोमणे मारतायत, त्यांनी ठरवलं. या घरात कुणी इतकं गोड बोलायला लागलं, की समजावं आत काहीतरी शिजतंय. शिजू दे. त्यांनी धाकट्याच्या हातात हातोडी दिली.

कुंडी फोडणं सोपं गेलं, कारण मुळांनी अर्धं काम केलंच होतं. खरं काम पुढे होतं. खापराच्या तुकड्यांना मुळं अशी चिकटली होती की तुकडा ओढावा तर मूळ तुटे. माईंनी सुरीचं टोक घालून पाहिलं, बोटांनी सोडवून पाहिलं, मग जरा ओढून पाहिलं.

"ओढू नका," खुर्चीतून आवाज आला. "आई ओलं फडकं दाबून धरायची. मूळ आपणहून सुटतं."

"मला येतं, वन्सं."

"येतं ना? मग ते तुटलं कसं?"

माईंनी दातओठ खाल्ले, ओलं फडकं घेतलं आणि दाबून धरलं. मूळ आपणहून सुटलं. त्यांनी दुसऱ्या तुकड्यालाही फडकं लावलं, पण आत्यांकडे पाहिलं नाही. मधली गुडघ्यांवर बसून मेलेली मुळं काढत होती. जिवंत मूळ पांढरं आणि टणक लागतं. मेलेलं दाबलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. तिची चिमट्यावरची बोटं भराभर चालत होती. "या मुळाची नस गेलीय," ती पुटपुटे, "काढायला हवं," आणि सवयीने, "दुखणार नाही हं," असंही म्हणे.

झाड मोकळं होऊन वर्तमानपत्रावर आडवं पडलं तेव्हा सगळे वाकून बघू लागले. कुंडीत होतं तेव्हा ते एवढं वाटलं नव्हतं. थोरल्याने मोजून सांगितलं, एकूण सत्तावीस कंद. त्यात अकरा टकले, पान नसलेले. सोळा पानांसहित. आणि नव्या वाढीचे डोळे चार.

"म्हणजे चार भाग होतील," तो म्हणाला. "प्रत्येकी चार कंद, एक डोळा. बरोबरीत."

"झाड काही तुझ्या टेपने वाढलेलं नाही," माई म्हणाल्या. "जिथे जोड आहे तिथेच कापावं लागतं."

हे खरं होतं. पण जोड पुष्कळ ठिकाणी होते, आणि माईंनी त्यांतले नेमके कुठले निवडले ते त्यांचं त्यांनाच माहीत. गॅसवर सुरी लाल करून त्या आल्या, आडव्या खोडावर बोट फिरवलं आणि पहिला काप घेतला. मग सुरी पुन्हा तापवली, दुसरा घेतला. तिसऱ्यासाठी त्यांनी सुरी गरजेपेक्षा जास्त वेळ तापवली. एवढ्या वर्षांच्या झाडावर सुरी चालवणं आत लागतंच. कापल्या जागी त्यांनी दालचिनीची पूड लावली. "मुळांना लागू देऊ नका, सुकतात," खुर्चीतून सूचना आली, आणि माईंनी तीही, न ऐकल्यासारखं करून, पाळली.

वर्तमानपत्रावर चार भाग ओळीने मांडले गेले. एकात सात कंद, एकात चार, एकात तीन, आणि एकात कसेबसे दोन. शेजारी टकल्या कंदांचा ढीग. याहून वाईट वाटणी आजवर या घरातही झाली नव्हती. माई मनातून खूश झाल्या.

"माई, हे दोनवालं जगेल?" मधलीने विचारलं.

"जगेल. फूल यायला मात्र पाच-सहा वर्षं."

"पाच-सहा वर्षं," धाकटा पुढे सरकत म्हणाला. "आणि तोवर?"

"तोवर काय, नुसतं असेल."

या घरात वाटणीचा एकच कायदा होता आणि तो मुलांच्या वडिलांनी घालून दिला होता: कापेल तो शेवटी उचलेल. टरबूज असो की पाव, ज्याच्या हातात सुरी त्याने सगळ्यांनंतर घ्यायचं, आणि बाकीच्यांनी धाकट्यापासून सुरुवात करायची. म्हणजे कापणारा आपोआप सरळ कापतो. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण हा कायदा कुणी मोडला नव्हता. माईंनी आज तो मोडला नाही, फक्त उलटा वापरला. त्यांना शेवटी काही नकोच होतं. त्यांना बाकीच्यांची जुंपायला हवी होती. आता धाकटा सातवाला भाग उचलणार, मधली फणकारणार, थोरला नियम दाखवणार, वन्सं आईचं नाव काढणार. त्या सुरी खाली ठेवून मागे सरकल्या.

"उचल रे," त्या म्हणाल्या.

धाकट्याने क्षणाचाही विचार न करता दोन कंदांचा भाग उचलला आणि छातीशी धरला.

माईंना वाटलं त्याला नीट दिसलं नाही. "अरे, बघून घे. तो मोठा बघ."

"नको, मला हाच आवडला."

मग मधलीने हात पुढे केला, आणि तीनवाला घेऊन गुपचूप मागे ठेवला. थोरला उरलेल्या दोन भागांकडे पाहत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणीही भांडणाआधी त्या अशाच व्हायच्या, आणि माईंना हायसं वाटलं. चला, एकजण तरी आपल्या वळणावर गेला.

"हा अन्याय आहे," थोरला म्हणाला. "सरळ सरळ अन्याय!"

"आहेच बाबा," माई उत्साहाने म्हणाल्या.

"यांनी दोन आणि तीन घ्यायचे, आणि मी चार? का म्हणून? मी थोरला म्हणून दर वेळी मोठा भाग माझ्याच गळ्यात का?"

माईंचं तोंड उघडं राहिलं.

"धाकट्याचा नंबर पहिला असतो, दादा," मधली म्हणाली. "मी काय करू?"

"अदलाबदल कर! तुझ्या दवाखान्यात इतकी जागा आहे!"

"दवाखान्यात? मी तिथे प्लास्टिकची झाडं ठेवते, आणि त्यांचीसुद्धा पानं गळतात! माझ्या हातून निवडुंग मेलाय, दादा. निवडुंग!"

"आणि माझ्या घरी काय सांगू? बाल्कनीत एक तर सायकल राहील नाही तर ते झाड, असं बजावलंय मला. लग्न झाल्यापासून या झाडाच्या धास्तीत जगतोय मी!" थोरला म्हणाला.

"थांबा," माई म्हणाल्या. कुणी थांबेना. "थांबा म्हणते ना!"

तिघं थांबली.

"तुम्हाला हे झाड नको होतं?"

मधली हातमोजे काढत म्हणाली, "माई, तू मला म्हणालीस, माझ्यामागे हे तुझं, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. नको कसं म्हणणार? मी म्हटलं, बाकीच्यांना कळलं तर ते हसतील आणि म्हणतील, बरं झालं, तुझ्या माथी आलं. म्हणून बोलले नाही."

"मीपण," थोरला म्हणाला.

"अरे, मग दर रविवारी त्याच्यापुढे उभं राहून वा वा काय करत होतात?"

"तुला बरं वाटावं म्हणून," थोरला म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते इतकं विचित्र वाटलं असावं, की तो खडूने फरशीवर रेघ ओढू लागला.

माई बादलीशेजारी फरशीवर बसल्या. बारा वर्षांचा आपला सगळा कावा, ती कुजबुज, ती वचनं, कुणाला कुठे उभं केलं आणि काय सांगितलं याचा तो हिशेब, सगळं पाण्यात गेलं होतं. पण मग एक गोष्ट जुळेना. त्यांना ती विचारायची नव्हती, तरी तोंडातून निघून गेली.

"मग येत कशासाठी होतात?"

थोरल्याने खडू खिशात टाकला.

"इथे पेपर शांतपणे वाचता येतो," थोरला म्हणाला. "घरी मला कोडं पुरं करू देत नाहीत."

"मी तुझ्या खाटेवर झोपते," मधली म्हणाली. "दुपारी, दोन तास. आठवड्यात तेवढीच झोप मला नीट लागते. का ते माहीत नाही."

"मी जेवतो," धाकटा म्हणाला.

ऐकायला यात काही मोठं नव्हतं. माईंना जरा रागही आला. आई म्हणून काही आहे की नाही? पण त्या रागाला धार येईना. हात दालचिनीने माखलेले, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "झाड गेलं की तुम्ही यायचे नाहीत."

"माई," धाकटा म्हणाला, आणि मध्येच थांबून दोनदा शिंकला. "हे बघ. या झाडाचा मला त्रास होतो. फुलं असली की डोळे सुजतात, नसली तरी नाक वाहतं. डॉक्टरने सांगितलंय, त्याच्या जवळ जाऊ नका. बारा वर्षं मी दर रविवारी शिंकतोय. झाडासाठी कोण इतकं शिंकेल?"

"मी तुला दर रविवारी काढा देत होते रे, सर्दीचा," माई म्हणाल्या.

"तोपण प्यायलो."

मग मात्र माई हसल्या, आणि हसता हसता रडल्याही. मधलीने उकळलेल्या कापडाने त्यांचे डोळे पुसले. थोरला केरसुणी आणायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

या गडबडीत खुर्चीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खुर्ची रिकामी होती. आत्या वर्तमानपत्रावर खाली बसल्या होत्या. ज्या गुडघ्यांपायी त्या गेली पाच वर्षं बसमध्ये चढत नव्हत्या, तेच गुडघे मोडून. सात कंदांचा भाग त्यांच्या मांडीवर होता आणि त्या एकेका पानावरची धूळ पदराने पुसत होत्या. त्या घाई करत नव्हत्या, आणि कुणाशी बोलतही नव्हत्या.

"वन्सं, तुम्हाला तरी हवंय ना ते?" माईंनी विचारलं. प्रश्नात खोच नव्हती.

"चाळीस वर्षं सांगतेय," आत्या पान न सोडता म्हणाल्या. "कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना वाटलं, मी भांडते." पुढचं पान पुसायला घेत त्या म्हणाल्या, "भांडतही होते म्हणा. पण हवंही होतं."

या बाईशी भांडण्याचे शब्द त्यांच्याकडे मुबलक होते, बाकीचे मात्र शोधावे लागत होते. त्या जवळ जाऊन बसल्या आणि आत्यांची कुंडी पुढे ओढली. तळाशी कोळसा घातला, वर सालीचे तुकडे. आत्यांनी झाड धरलं, जुनी बाजू कुंडीच्या कडेला टेकवून, नवा डोळा मोकळ्या जागेकडे. माईंनी साल दाबत आणली. "हलतंय," आत्या म्हणाल्या. माईंनी काठी रोवली, आत्यांनी दोऱ्याने बांधलं. एकीचं बोट दुसरीच्या गाठीवर दाबून धरलेलं होतं, आणि दोघींनीही त्याबद्दल काही म्हटलं नाही.

बाकीचे तीन भागही लागले. ते माईंच्याच बाल्कनीत, माईंच्याच मांडणीवर राहणार, हे एवढ्या झटपट ठरलं की आरशाच्या कपाटाला लाज वाटावी. थोरल्याने प्रत्येक कुंडीवर खडूने ज्याचं त्याचं नाव लिहिलं. "मालकी माझी," तो म्हणाला, "राखण तुझी." आणि कायद्याप्रमाणे शेवटी उरलेले अकरा टकले कंद माईंनी उचलले. अशा कंदांनाही कधीकधी वर्षभराने डोळा फुटतो. पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिघं घाबरून गेली असती.

जेवण झालं. धाकटा दोन वेळा वाढून घेऊन जेवला. मधली झोपली. थोरल्याने कोडं पुरं केलं, एक शब्द चुकीचा घालून. आणि आत्या, माईंनी मोजून पाहिलं, पोटभर जेवल्या.

चारच्या सुमाराला टॅक्सी आली. माई कुंडी घेऊन खाली उतरल्या आणि मागच्या सीटवर आत्यांच्या मांडीवर ती नीट ठेवली. आठ दिवस पाणी घालायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि आत्यांनी सगळ्याला मान डोलावली. मग काच खाली करून त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी पाणी घालायचं ते किती, हे मला काही नीट लक्षात येत नाहीये, वहिनी."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मुळं कशी सोडवायची, पूड कुठे लावायची नाही, हे सकाळपासून ही बाई आपल्याला सांगतेय. याच झाडाच्या सोबतीने ती लहानाची मोठी झाली. आणि पाणी किती घालायचं ते हिला माहीत नाही.

आत्या समोर ड्रायव्हरच्या डोक्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मुख्याध्यापिकेचाच होता, फक्त कानांच्या पाळ्या थोड्या लाल झाल्या होत्या, थोरल्याच्या होतात तशा.

"ते असं सांगून नाही समजत," माई म्हणाल्या. "झाड आणून दाखवावं लागतं. रविवारी या, कुंडी घेऊन."

"एकदा दाखवलं की झालं?"

"छे! दर रविवारी. निदान वर्षभर."

आत्यांनी कुंडीभोवती दोन्ही हात घातले.

"आणि वर्षात नाही जमलं मला, तर?"

"तर काय," माई म्हणाल्या, "तुम्ही मुळातच जरा मंद आहात, वन्सं. दोन वर्षं धरून चला."